घरची वाट आणि परदेशची शर्यत

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षातील क्रीडामहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



२२ ऑगस्ट १९२०. वार रविवार. बेल्जियममधील अँटवर्प शहरात हवा थंड होती आणि पाऊस पडत होता. पहिले महायुद्ध संपून दोन वर्षेही पुरती झालेली नव्हती. ज्या देशावर सैन्याचे लोंढे चालून गेले, त्याच देशाने ऑलिंपिकचा यजमान होण्याचा मान स्वीकारला होता. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिंपिकच्या मैदानावर प्रथम फडकला तो याच स्पर्धेत, आणि खेळाडूंनी शपथ घेण्याची प्रथाही इथूनच सुरू झाली. त्या रविवारी मॅरेथॉनच्या आरंभरेषेवर जगभरातले धावपटू उभे होते. त्यांत एक तरुण आपल्या बेळगावचा होता. त्याचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले.

हे नाव जरा सावकाश उच्चारून पाहावे. 'फडेप्पा' आणि 'दरेप्पा' यांत कानडी वळण आहे. 'चौगुले' हे आडनाव मराठी गावगाड्यातल्या वतनाचे, कारण पाटलाच्या हाताखाली गावचा कारभार पाहणारा तो चौगुला. या सीमेवरच्या मातीत दोन भाषा किती सहज एकत्र नांदत आल्या आहेत, हे सांगायला आणखी पुरावा कशाला हवा? भारताचा पहिला ऑलिंपिक संघ परदेशी गेला तेव्हा त्यात हे नाव होते, ही गोष्ट या गावातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवी.

चौगुले त्या शर्यतीत एकोणिसावे आले. वेळ लागली २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद.

एकोणिसावा क्रमांक ऐकून टाळ्या वाजत नाहीत. शाळेच्या बक्षीस समारंभात पहिला, दुसरा, तिसरा यांची नावे पुकारली जातात. उत्तेजनार्थ म्हणून फार तर चौथा. एकोणिसाव्याला कोण बोलावणार? म्हणून हा क्रमांक नेमका किती मोलाचा होता ते नीट मोजून पाहू.

मॅरेथॉनचे अंतर आज जगभर ४२.१९५ किलोमीटर ठरलेले आहे. पण तो निर्णय १९२१ सालचा. त्याआधी प्रत्येक ऑलिंपिकमध्ये हे अंतर थोडेफार बदलत असे. अँटवर्पचा रस्ता ४२.७५ किलोमीटरचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. बेळगावहून खानापूर गाठावे, तिथून पाठ फिरवून पुन्हा निम्म्याहून अधिक वाट तोडावी, एवढे हे अंतर. ते चौगुले यांनी दर किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित कमी या गतीने कापले, म्हणजे ताशी सुमारे पंधरा किलोमीटर.

मुलांना हा हिशेब आपल्या मैदानावर लगेच समजेल. शाळेच्या मैदानाची पूर्ण फेरी २०० मीटरची आहे. अँटवर्पचे अंतर पुरे करायला अशा २१३ फेऱ्या घालाव्या लागतील, आणि वर पाऊण फेरी उरेल. प्रत्येक फेरी ४८ सेकंदांत संपली पाहिजे. पहिलीही ४८ सेकंदांत आणि दोनशेतेरावीही ४८ सेकंदांत. आठवी-नववीतल्या चपळ मुलामुलींनी उद्या एक फेरी या गतीने घालून पाहावी. दोन-तीन फेऱ्या जमतीलही. मग उरलेल्या दोनशे दहा फेऱ्यांचा विचार करावा, म्हणजे एकोणिसावा क्रमांक काय असतो ते पायांनाच कळेल.

त्या दिवशी जिंकला तो फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवलेला हा विख्यात धावपटू. त्याची वेळ २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद होती. एस्टोनियाचा युरी लोसमान अवघ्या तेरा सेकंदांच्या अंतराने दुसरा आला. तिसरा आलेला इटलीचा व्हालेरियो आर्री इतका आनंदला की, बेचाळीस किलोमीटर धावून आल्यावरही त्याने मैदानावर कोलांट्या मारल्या. अशा मातब्बरांच्या शर्यतीत आपला माणूस विजेत्याच्या मागोमाग अठरा मिनिटांनी पोहोचला. भारताचे दुसरे मॅरेथॉन धावक, साताऱ्याचे सदाशिव दातार, यांना ती शर्यत पूर्ण करता आली नाही. त्यांचाही उल्लेख आदरानेच व्हायला हवा. त्या आरंभरेषेपर्यंत पोहोचणे हेच तेव्हा अर्ध्या जगाचे अंतर होते.

हे अंतर कापले कसे गेले, ती हकिकत पुण्यात सुरू होते.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने मैदानी स्पर्धा भरवल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. स्पर्धेत उतरलेली बहुतेक मुले शेतकऱ्यांची होती. शेतात राबणारी, साध्या भाकरीवर वाढलेली. युरोपातले नियम त्यांना माहीत नव्हते आणि शास्त्रशुद्ध सराव म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. मैदान लहान होते आणि धावपट्टी म्हणजे खडबडीत गवताचा तुकडा. जागा पुरेना म्हणून शंभर यार्डांची शर्यत वळणावरून घ्यावी असा बेत होता. वेगाच्या सर्वांत छोट्या शर्यतीला सरळ रेषा लागते, हेही तेव्हा नव्याने सांगावे लागले.

पण दिवसाची खरी नवलाई पुढेच होती. सुमारे दहा मैलांच्या पल्ल्याची शर्यत सुरू झाली. त्या काळी तिलाच मॅरेथॉन म्हणत. ही पोरे अनवाणी धावली, आणि त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगी निघाली. दोराबजी चकित झाले. स्पर्धा पाहायला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड आले होते. भारताने ऑलिंपिकमध्ये भाग घ्यावा हा विचार दोराबजींनी त्यांच्यापुढे मांडला, आणि पुढच्याच वर्षी भारताला निमंत्रण मिळाले.

निवडीच्या चर्चेतली एक गंमत दोराबजींनी पुढे लिहून ठेवली आहे. ऑलिंपिकसाठी शंभर मीटरला किती वेळ लागावा असे विचारल्यावर एका जाणत्या सभासदाने सांगितले, एक-दोन मिनिटे. इथे मिनिटांचा नव्हे, सेकंदांचा आणि सेकंदाच्या दहाव्या भागाचा हिशेब असतो, हे कळल्यावर ते सद्गृहस्थ अवाक् झाले.

या गोष्टीवर हसणे सोपे आहे. पण तिच्यात आजच्या भाषणाचे सार आहे. पाय होते, दम होता, जिद्द होती. नव्हते ते माप. पाय घरच्या वाटेवर घडले होते. माप शिकायला परदेशी जावे लागणार होते.

१९२० साली सहा खेळाडू निघाले. धावपटूंमध्ये बंगालचे पुर्मा बॅनर्जी, बेळगावचे चौगुले, साताऱ्याचे दातार आणि हुबळीचे कैकाडी. मल्लांमध्ये मुंबईचे नवले आणि कोल्हापूरचे शिंदे. सहांपैकी पाच जण या मराठी-कानडी मुलखातले होते. दोराबजींनी पदरमोड केली, सरकारने काही रक्कम दिली, काही वर्गणीतून उभी राहिली. मुंबईहून बोटीने इंग्लंड, तिथे काही आठवड्यांचा सराव आणि मग बेल्जियम असा तो प्रवास. शिंदे यांचे कुस्तीतले कांस्यपदक थोडक्यात हुकले. पदक कोणालाच मिळाले नाही. पण सहा जणांच्या त्या प्रवासातून भारतीय ऑलिंपिक चळवळ उभी राहिली. १९२४ साली पॅरिसला मोठा संघ गेला, १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष दोराबजी टाटाच झाले. ज्या रोपट्याला पुढे पदकांची फळे आली, त्याच्या मुळाशी एक एकोणिसावा क्रमांक आहे.

परदेशातली शर्यत धावणाऱ्याला काय देते? पहिली गोष्ट, ती त्याला त्याची जागा दाखवते. गावात जो सर्वांच्या पुढे असतो तो तिथे घोळक्यात सापडतो. दुसरी, ती त्याला कारणे देण्याची सोय ठेवत नाही. हवा थंड होती, रस्ता अनोळखी होता, अन्न निराळे होते. घड्याळ यातले काहीच ऐकून घेत नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, किती थोड्या फरकाने आपण मागे राहिलो तेही ती नेमके सांगते.

पी. टी. उषा यांची कहाणी या सभागृहातल्या कित्येक पालकांच्या शालेय आठवणींत असेल. केरळच्या किनाऱ्यावरचे पय्योली हे त्यांचे गाव. समुद्रकाठची वाळू हीच त्यांची धावपट्टी. वाळूत पाऊल रुतते, प्रत्येक पाऊल उचलायला जास्त जोर लागतो, आणि म्हणूनच तिथे घडलेले पाय कठीण मैदानावर हलके पडतात. १९८४ साली लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. पय्योलीच्या वाळूत असे माप कोणी काढले नसते. ते लॉस एंजलिसमध्येच निघाले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक भारतीय धावपटूच्या मनात शंभरावा भाग कायमचा घर करून राहिला.

बिहारचे शिवनाथ सिंह हे लष्करातले जवान. अनवाणी धावण्याबद्दल त्यांची ख्याती होती. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला ते अकरावे आले. दोन वर्षांनी जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. नवे बूट आले, नवे आहारशास्त्र आले, मनगटावर घड्याळे आली, तरी पिढ्यांमागून पिढ्या त्या दोन तास बारा मिनिटांच्या मागे धावत राहिल्या.

मराठी मुलखातली अगदी अलीकडची दोन नावे घ्यायलाच हवीत. ललिता बाबर या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावच्या. माणदेश म्हणजे पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला आणि त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक प्रकारात भारतीय महिलेने अंतिम फेरी गाठण्याची ही उषांनंतर बत्तीस वर्षांनी आलेली वेळ होती. अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या.

दुसरे अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्यांचे गाव. शाळा सहा किलोमीटर दूर. वाहन नाही म्हणून कधी चालत, कधी धावत जायचे. पुढे सैन्यात भरती झाल्यावर त्यांची धाव कोणाच्या तरी नजरेस पडली. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. वर्षानुवर्षे या प्रकारातली पदके केनियाच्या धावपटूंच्या घरचीच असल्यासारखी होती. साबळे यांचे सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी त्याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले.

मोही, मांडवा आणि पय्योली ही गावे जगाच्या नकाशावर शोधावी लागतात. तिथे कृत्रिम धावपट्टी नव्हती. धावायला जागा मात्र होती, आणि सारा मुद्दा तिथेच आहे.

आज परदेशी धावायला जाणारे केवळ देशाचे प्रतिनिधी राहिलेले नाहीत. इथून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर, अभियंते, बँकेतले अधिकारी वयाच्या चाळिशी-पन्नाशीत बर्लिन, लंडन, न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये भाग घेतात. बर्लिनचा मार्ग सपाट. शेवटी ब्रांडेनबुर्ग दरवाजातून जाताना थकलेल्या माणसालाही बळ येते. न्यूयॉर्कची शर्यत प्रचंड पुलावरून सुरू होते आणि शहराच्या पाचही विभागांतून जाते. चढउतार इतके की बर्लिनचा हिशेब तिथे चालत नाही. लंडनमध्ये शेवट राजवाड्यालगतच्या रस्त्यावर होतो. छातीवरच्या क्रमांकाच्या कागदाला किंवा बुटाला लहानशी चिप असते. ती दर पाच किलोमीटरला वेळ नोंदवते. घरी बसलेल्या आईला त्याच क्षणी मोबाईलवर कळते की मुलगा तीस किलोमीटरच्या पुढे गेला. १९२० साली चौगुले यांची बातमी बेळगावला पोहोचायला किती दिवस लागले असतील, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

अशा शर्यती धावून आलेली माणसे सुटीत गावी येतात. पहिल्याच सकाळी बूट घालून बाहेर पडतात, आणि पाय आपोआप जुन्या वाटा धरतात.

टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो ही त्यांतली पहिली. जुन्या झाडांची दाट सावली, पायाखाली मऊ माती. कडक डांबरावर गुडघ्यांना बसणारा मार इथे बसत नाही. म्हणून सरावाचे हलके दिवस इथे घालवावेत. पहाटे या आवारात निवृत्त शिक्षक, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आणि मॅरेथॉनची तयारी करणारे एकाच वाटेवर भेटतात. कोणी कोणाला मागे टाकल्याचा अभिमान बाळगत नाही, कारण पुढच्या वळणावर थांबून विचारपूस करायची असते.

दुसरी वाट काँग्रेस रोडची. १९२४ साली महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते इथे भरले आणि रस्त्याला नाव मिळाले. रेल्वेमार्गाला समांतर जाणारा हा सरळ रस्ता गती मोजायला उत्तम. एका रेल्वे गेटपासून दुसऱ्यापर्यंत जोरात, तिथून तिसऱ्यापर्यंत सावकाश, हा कित्येकांचा ठरलेला नेम. वाहनांची वर्दळ वाढल्यापासून मात्र तो सूर्योदयापूर्वीच उरकावा लागतो.

तिसरी जागा किल्ल्याची. भुईकोट किल्ल्याचा खंदक, आतली रट्टकालीन कमल बस्ती, बाहेरचे सीपीएड मैदान. इतिहास आणि व्यायाम यांची अशी शेजारसोबत फार थोड्या गावांना लाभते. चौथी जागा कॅम्प आणि रेसकोर्सचा परिसर. पहाटेच्या धुक्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान तालात धावत जाताना दिसतात. त्यांच्या मागून शंभर पावले जरी त्याच तालात टाकली तरी दिवसभर अंगात शिस्त राहते. याच परिसरात २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोल्फ मैदानाच्या झाडीत बिबट्या दिसला, आसपासच्या शाळांना सुट्या द्याव्या लागल्या, शोधासाठी हत्ती आणले गेले, आणि तरीही बिबट्या हाती लागला नाही. मुलांना ते दिवस अजून चांगले आठवतात. गावातला सर्वांत वेगवान धावपटू तोच, असे तेव्हा विनोदाने म्हटले जात असे.

आणि पाचवी वाट येळ्ळूरच्या राजहंसगडाची. गावातून निघून शेतांमधून जाणारा रस्ता आणि शेवटी गडाचा चढ. ज्याला न्यूयॉर्कचे पूल चढायचे आहेत त्याने इथे यावे. पावसाळ्यात समोरचे दिसत नाही इतके धुके उतरते, वारा अंगावर येतो, पाय घसरतो. अँटवर्पच्या पावसाला बेळगावचा माणूस बिचकला नसेल, असे या चढावर पटते. आषाढ-श्रावणातला पाऊस अंगावर घेत वाढलेल्याला पावसाचे कौतुक ते काय?

या जागांपैकी कोणतीही धावपटूंसाठी बांधलेली नाही. कोठे लशीसाठी जागा राखली गेली, कोठे अधिवेशन भरले, कोठे राजाने खंदक खणला. माणसांनी त्या मोकळ्या राहू दिल्या म्हणून त्या धावण्याच्या जागा झाल्या. जागा एकदा भरली की ती पुन्हा मोकळी होत नाही.

इथे विषय शाळेच्या मैदानापाशी येऊन ठेपतो. हीरक महोत्सवाच्या निधीतून नवे सभागृह बांधावे अशी सूचना पुढे आली आहे, आणि जागा म्हणून मैदानाच्या पूर्वेकडील भागाचा विचार चालू आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. शाळेला सभागृहाची गरज आहे. पावसाळ्यात प्रार्थना वर्गावर्गांतून घ्यावी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो भाग गेला तर दोनशे मीटरची फेरी राहणार नाही. शंभर मीटरची सरळ रेषाही राहणार नाही. शर्यत वळणावरून घ्यावी लागेल. शंभराहून अधिक वर्षांनंतरही १९१९ च्या डेक्कन जिमखान्यापाशीच थांबायचे का, याचा विचार माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मन मोठे करून करावा. सभागृह जुन्या इमारतीवर मजला चढवूनही होऊ शकते. खर्च थोडा वाढेल, एखादे वर्ष जास्त लागेल. मैदानाला मात्र दुसरा मजला चढवता येत नाही.

घर विकत घेताना माणूस खोल्या मोजतो. अंगणाची किंमत मुले मोठी झाल्यावर कळते. शाळेचेही तसेच आहे. साठ वर्षांत इथून बाहेर पडलेल्यांना विचारावे की शाळेचे काय आठवते. वर्गाचा रंग फारसा कोणी सांगणार नाही. मधल्या सुटीतला धुरळा, फुटलेला गुडघा, त्यावर बाईंनी लावलेली हळद, आणि घंटा झाल्यावरही पुरी केलेली शेवटची फेरी, हेच बहुतेक सांगतील.

पालकांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, आणि तो या विषयाला धरूनच आहे. परप्रांतात राहून मुलांना मराठी शाळेत घालावे का? उद्या जगाच्या शर्यतीत ती मागे पडणार नाहीत ना? प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून त्याचे उत्तर चिडून देऊ नये. घरची भाषा ही घरच्या वाटेसारखी असते. तिच्यावर पाय घट्ट होतात, दम वाढतो, पडण्याची भीती जाते. जगाची भाषा हे जगाचे माप आहे. तेही शिकलेच पाहिजे, वेळेवर आणि नीट शिकले पाहिजे. नाहीतर शंभर मीटरला दोन मिनिटे सांगणाऱ्या सद्गृहस्थासारखी गत होते. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. पण क्रम ठरलेला आहे. आधी पाय, मग माप. ज्या मुलाला चालताच येत नाही त्याच्या हाती घड्याळ देऊन काय उपयोग?

शेवटी एक लहानशी विनंती. दरवर्षी वार्षिक क्रीडामहोत्सवात लांब पल्ल्याची शर्यत होते. पहिल्या तिघांची नावे फलकावर लागतात आणि बाकीचे विसरले जातात. या वर्षापासून अंतर पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाची आणि मुलीची वेळ शाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवली जावी. नाव, इयत्ता, मिनिटे, सेकंद. पुढच्या वर्षी त्याच मुलाने आपली वेळ काढून पाहावी आणि स्वतःशीच तुलना करावी. कुणी एखादी मुलगी सातवीत एकोणिसावी येईल, आठवीतही एकोणिसावीच येईल, पण तिची वेळ अर्ध्या मिनिटाने कमी झालेली असेल. ती प्रगती फलकावर दिसणार नाही, वहीत दिसेल. अँटवर्पच्या नोंदींत चौगुले यांची मिनिटे आणि सेकंद कोणीतरी लिहून ठेवले, म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांनी या सभागृहात त्यांची धाव मोजता आली.

त्या वहीसाठी कुणी देणगी देण्याची गरज नाही. दोनशे पानी वही आणि एक घड्याळ पुरे. मोठ्या देणग्यांसाठी मजला चढवण्याचे काम आहेच.

विद्यार्थी मित्रहो, आता मैदानावर जायला हरकत नाही. फेरी पूर्वेकडच्या कोपऱ्यावरून पूर्ण घालायची, कोपरा कापायचा नाही. मागे पडलात तरी थांबू नका. शेवटचा येईपर्यंत घड्याळ चालूच राहणार आहे.